तळहाताला आधी कळतं

चि. सायली,

दोन नोकऱ्यांच्या फायद्या-तोट्यांचा तुझा तक्ता पाहिला. पगार, घरभाडं, बढती सगळं नीट मांडलं आहेस. ‘आता मन बाजूला ठेवून ठरवणार’, हे खालचं वाक्य मात्र खटकलं. मन खरंच बाजूला पडलं तर काय होतं, ते ऐक.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अँटोनिओ डामासिओ या मेंदूतज्ज्ञांनी एक रुग्ण तपासला. आपल्या पुस्तकात त्यांनी त्याचं नाव बदलून एलियट ठेवलंय. मेंदूच्या आवरणावरची गाठ काढताना कपाळामागचा मेंदूचा काही भागही काढावा लागला होता. स्मरणशक्ती, भाषा, बुद्ध्यांक, सगळं शाबूत राहिलं. पण कागद तारखेप्रमाणे लावावेत की आकाराप्रमाणे, याच विचारात त्याची अख्खी दुपार जाई. नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला; आणि हे सारं तो परक्याची हकिकत सांगावी तसं सांगे. पर्याय त्याला भराभर सुचत. त्यातला कुठलाच नकोसा किंवा हवासा वाटत नसे.

डामासिओंच्याच गटातल्या आंतोआन बेशारा यांनी पत्त्यांचा एक प्रयोग केला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत घसघशीत कमाई, पण दंड त्याहून मोठा. उरलेल्या दोहोंत कमाई थोडी, पण शेवटी हातात काही उरे. पुढे १९९७ मध्ये या गटानं दाखवून दिलं की, साधारण दहा पत्ते उलटले की घातक गठ्ठ्याकडे हात नेताना निरोगी माणसाच्या तळहाताला किंचित घाम येऊ लागतो. ‘हा गठ्ठा वाईट’ असं त्याला सांगता येतं ते बऱ्याच नंतर! एलियटसारखी इजा झालेल्यांना तो घाम येतच नसे. त्यांच्यातल्या काहींना तर खेळाचं गणित उमगलं, तरीही ते घातक पत्तेच उचलत राहिले.

म्हणून वाटेल ते करावं, असं नाही. त्या तळहातांना घाम आला तो काही वेळा दंड भरल्यावर. अनुभव नसताना आलेली भीती ऐकीव असू शकते.

पुण्याच्या कंपनीत तू सहा महिने इंटर्न होतीस. रविवारी संध्याकाळी तुझ्या पोटात गोळा यायचा, तोही तक्त्यात लिही. नागपूरचं ऑफिस मात्र तू पाहिलेलंच नाहीस. उत्तर देण्याआधी तिथे जाऊन ये, चार जणांबरोबर डबा खा. मुक्काम काकूकडे कर. तिला मी आजच फोन करते.

तुझी,
मावशी