दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

१९ मे २०२४ रोजीं मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास पुण्यांतील कल्याणीनगर भागांत एका भरधाव मोटारीनें दुचाकीस धडक दिली. दुचाकीवरील तरुण व तरुणी, दोघेंही अभियंते, प्राणांस मुकलीं. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता व तो मद्य पिऊन आला होता, असें पोलिसांचें म्हणणें. बाल न्याय मंडळानें त्याच दिवशीं त्यास जामिनावर सोडलें. त्याच्या अटींपैकीं एक अशी कीं, त्यानें रस्त्यावरील अपघातांविषयीं ३०० शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला, व तीन दिवसांनीं मंडळानें आदेश बदलून त्यास निरीक्षणगृहांत पाठविलें.

निबंध लिहिणें हें तर आपलें नित्याचें काम. हाच विषय आपल्या वर्गांत दिला, तर आपण काय लिहूं?

बहुतेक जण 'दुर्दैवानें अपघात घडला' अशी सुरुवात करतील. पहिली चूक तेथेंच होते. शेतांत वीज पडते, तिला दैव म्हणावें. परंतु जी गोष्ट टाळणें आपल्या हातीं होतें, ती दैवाच्या माथीं मारणें हा पळपुटेपणा होय.

दुसरी सबब अशी: 'बिचारा शुद्धीवर नव्हता.' कायद्यास ही सबब मान्य नाहीं. जो आपल्या मर्जीनें नशा करतो, त्यास शुद्धीवरील मनुष्याइतकेंच ज्ञान होतें, असें कायदा धरून चालतो. १२ नोव्हेंबर २००६ रोजीं पहाटे मुंबईंत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका एकवीस वर्षांच्या तरुणाची मोटार पदपथावर निजलेल्या मजुरांवर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. गाडी चालविणाऱ्याच्या रक्तांत १०० मिलिलिटरमागें ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क कायद्यास चालतो. त्याच्या रक्तांत ११२ मिलिग्रॅम निघाला. सत्र न्यायालयानें त्यास केवळ निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानें मात्र सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षांची केली, व जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम ठेविली. पिऊन बेफाम गाडी हांकली तर माणसें मरतील, हें ज्ञान त्यास होतें, असा त्या निर्णयाचा आशय. खरा निर्णय पहिला पेला ओठांस लावण्यापूर्वींच व्हावयास हवा, कारण त्या वेळीं मनुष्य पुरता शुद्धीवर असतो.

परंतु गुन्हा एकट्या चालकाचाच असतो काय? २०१९ सालच्या दुरुस्तीनें, अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालकही दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रांत २१ वर्षांखालील कोणासही मद्य देण्यास मनाई आहे. पुण्याच्या प्रकरणांत मुलाचे वडील, मद्यालयाचे चालक व रुग्णालयांतील डॉक्टर यांनाही अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याचा व घरच्या चालकावर दोष स्वतःवर घेण्यासाठीं दडपण आणल्याचा आरोप झाला. आरोप म्हणजे शाबीत दोष नव्हे, हें आपणही विसरूं नये. तथापि एक गोष्ट उघड आहे. भाकरी चौघांत वांटली तर प्रत्येकास चतकोर येते. दोषाचें तसें नाहीं. ज्यानें किल्ली दिली त्याचा दोष पुरा, ज्यानें पेला भरला त्याचा पुरा, आणि ज्यानें गाडी हांकली त्याचाही पुराच राहतो.

आपल्या झरी जामणी तालुक्यांत तसल्या उंची मोटारी कोठून दिसणार! पण मोटारसायकली गांवोगांव आहेत, आणि लग्नें, पोळा, बाजारही आहेत. समजा, लग्नघरीं मामा प्यायले आहेत आणि 'बस मागें, घरीं सोडतों' म्हणतात. आपण काय करावें? बहुधा आपण लाजून मुकाट्यानें बसतों. लहान तोंडीं मोठा घास नको, असें वाटतें. पण 'मामा, आज किल्ली माझ्यापाशीं राहूं द्या, आपण सकाळीं जाऊं,' असें म्हणण्यांत अनादर नाहीं; त्यांत मायाच आहे. आणि पालकहो, मुलानें असें म्हटल्यास त्यास रागें भरूं नका. त्या एका वाक्यास त्याला किती धैर्य लागलें असेल, तें मनांत आणा.

दुर्घटना घडलीच, तरी जबाबदारी संपत नाहीं. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें व पोलिसांस कळविणें हें चालकाचें कायदेशीर कर्तव्य आहे. पळून जाणें हा दुसरा गुन्हा होय. वाटसरूनेंही भिऊं नये. सद्‍भावनेनें मदत करणाऱ्यास कायद्याचें संरक्षण आहे.

दोष मागाहून दुसरे आपल्यावर ठेवतात. जबाबदारी आपण आधींच आपल्या हातानें उचलावयाची असते. कल्याणीनगरच्या त्या दोघांच्या आईबापांस कोणताही निबंध त्यांचीं लेकरें परत देऊं शकत नाहीं. तो निबंध आपण आजच, किल्ली हातीं येण्यापूर्वीं, मनांत लिहून ठेवूं या.