खाऱ्या पाण्यात भिजलेला कॅमेरा

जयपूरपासून समुद्र फार दूर आहे. खारे पाणी मात्र तितके दूर नाही. शहराच्या पश्चिमेस असलेल्या सांभर सरोवरावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी अनेकजण तेथे जातात. या उथळ पाण्यात कॅमेरा पडला, तर त्याची अवस्था समुद्रात बुडालेल्या कॅमेऱ्यासारखीच होते.

जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे (मृत्यू १८८०) स्वतः छायाचित्रकार होते. त्यांच्या काळातील कॅमेरे लाकूड, पितळ व काच यांचे असत. त्यांत वीज नव्हती. आजच्या कॅमेऱ्यात बॅटरी असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असे पाणी विजेचे सुवाहक असते. त्यातून प्रवाह वाहू लागला, की मंडलातील तांब्याच्या बारीक पट्ट्या विरघळू लागतात. म्हणून कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा व बॅटरी तत्काळ काढावी. अशी लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते; ती पुन्हा विद्युत्भारित न करता मोकळ्या जागी दूर ठेवावी.

यानंतर कॅमेरा वाळवावा, असे साहजिकच वाटते. जयपूरच्या उन्हाळ्यात तो लवकर कोरडाही दिसू लागतो. परंतु हे कोरडेपण फसवे असते. पाणी उडून जाते, क्षार आतच राहतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली, की साधे मीठ बाष्प शोषून पाझरू लागते. समुद्री क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्के पुरतात. परिणामी पावसाळा येताच थांबलेला गंज पुन्हा सुरू होतो. तांदळात पुरून ठेवल्यानेही क्षार निघत नाहीत.

तेव्हा आधी क्षार घालवावेत, मग पाणी. नुसते शिंतोडे उडाले असतील, तर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसणे पुरे. पूर्ण बुडालेला कॅमेरा मात्र वाळण्यापूर्वीच स्वच्छ गोड्या पाण्याने, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि विनाविलंब कुशल कारागिराकडे न्यावा. झगमगाट-दिव्याच्या धारित्रात घातक विद्युत्भार उरलेला असू शकतो. म्हणून तो घरी उघडू नये. भिजलेली फिल्म वाळल्यास तिचे थर परस्परांना चिकटतात. ती गोड्या पाण्यात ठेवूनच प्रयोगशाळेत पोचवावी.

इतके करूनही यंत्र वाचेलच असे नाही. स्मृतिपत्र मात्र वेगळे काढून, धुऊन, पूर्ण वाळवले, तर त्यातील छायाचित्रे पुष्कळदा हाती लागतात. आणि कॅमेरा दुसरा मिळतो, टिपलेला क्षण मिळत नाही.