खोंडाला आधी मैदान दाखवा

खिल्लाराला पळायला शिकवावं लागत नाही. म्हसवड, आटपाडी, जतच्या माळावर वाढलेलं वासरू दावं सुटलं की आपणहून उधळतं, कान मागं टाकून बांधावरून उडी घेतं. शिकवावं लागतं ते शर्यतीचं मैदान. सातारा-सांगलीत गेल्या काही वर्षांत जे उमदे खोंड वाया गेलेले मी पाहिले, ते पळ कमी पडला म्हणून गेले नाहीत. ते मैदानाला भ्याले आणि ती भीती कुणी वेळेत ओळखली नाही.

माझ्या दावणीला असाच एक कोसा खोंड आला. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत मी तो घेतला. आदत होता, दुधाचे दात अजून पडायचे होते. पाय लांब, छाती भरलेली, डोळा पाणीदार. विकणाऱ्यानं लपवलं काहीच नाही. म्हणाला, “पळ आहे आण्णा, पण निशाणाजवळ आला की मान टाकतो.” आधीच्या मालकानं त्याला एकाच हंगामात बरीच मैदानं दाखवली होती.

घरच्या रानात तो सरळ पळायचा. मैदानात मात्र निम्म्यापर्यंत पुढं असायचा आणि शर्यत संपते तिथला झेंडा, म्हणजे निशाण, दिसलं की ढिला पडायचा. कुणी म्हणालं, खांदा बदला, डाव्या अंगाला जुंपा. कुणी म्हणालं, दमाला कमी आहे, खुराक वाढवा. आमच्या तात्यांचं म्हणणं वेगळं होतं. “त्याच्या पायाकडं बघू नको, नाकाकडं बघ.” तात्यांची सगळी हयात बैलांत गेलेली. मी जनावरांच्या डॉक्टरांकडून खूर, खांदा, छाती तपासून घेतली. कुठंच दुखणं निघालं नाही. मग मी नाकाकडं बघायला लागलो.

एका सरावाला गाडी थांबताना चार-पाच पोरं हौसेनं समोरून धावत आली. खोंडानं डोळे मिटले, तोंड वर केलं आणि पाय मागं घेतले. तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडं गाडी निशाण ओलांडते तेव्हा पुढं माणसांची भिंत उभी असते. जो तो वेसणीला झोंबतो. भरधाव आलेलं जनावर नाकावर अडवलं जातं आणि त्याच वेळी कानाशी शिट्ट्या, हलगी, आरडाओरडा सुरू असतो. जाणत्या बैलाला हे सवयीचं झालेलं असतं. आदत खोंडाला मात्र यातून एकच कळतं की त्या झेंड्यापाशी नाक दुखतं. मग तो झेंड्याच्या आधीच वेग कमी करतो. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. जे त्याच्या अनुभवाला आलं, त्यावरून त्यानं बरोबर हिशेब केलेला असतो.

ही भीती काढायला नव्यानं शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आम्ही छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, रिकामा ठेवला. लांबच लांब नांगरट नसलेलं रान धरलं आणि थांबण्याची जागा ठरवलीच नाही. निशाणासारखा झेंडा लावला, पण खोंड त्याच्या पुढं हवा तितका जाऊ दिला. ड्रायव्हरनं कासरा सैल सोडायचा आणि बैल आपसूक चालीवर येईपर्यंत कुणी पुढं यायचं नाही. मग ओळखीच्या एकाच माणसानं बाजूनं जायचं, समोरून नाही, आणि पहिला हात गळ्याखालच्या पोळीवर ठेवायचा. वेसणीला हात सगळ्यात शेवटी. तिथंच पाटीत थोडी भिजवलेली पेंड. हळूहळू झेंड्याचा आणि दुखण्याचा संबंध सुटत गेला.

गाई-बैलांची नजर आपल्यासारखी नसते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळं त्यांना साधारण 330 अंशांपर्यंतचं दिसतं, अगदी पाठीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. म्हणजे कडेच्या तासात, म्हणजे पळायच्या पट्ट्यात, असलेल्या खोंडाला एका डोळ्यानं शेजारची गाडी दिसते आणि दुसऱ्यानं सगळं पब्लिक. आवाजाचंही तसंच. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, गुरांचा 35 पर्यंत जातो. कर्ण्याची कर्कश शीळ आपल्याला नुसती नकोशी वाटते, त्यांना त्याहून जास्त लागते. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या पशुशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर गुरांच्या बुजण्याचा अभ्यास केला. जमिनीवरची सावली, फडफडणारं कापड, चकाकणारं पत्र्याचं टोक अशा किरकोळ गोष्टींनी जनावर कसं अडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आपलं मैदान तर या सगळ्यांनीच भरलेलं असतं.

म्हणून नवा खोंड पहिल्यांदा न्यायचा तो जुंपायला नाही, नुसता उभा करायला. त्याआधी पिकअपमध्ये चढण्या-उतरण्याची सवय पाहिजे. प्रवासातच जो घामाघूम होतो, त्याचं मैदान तिथंच संपलेलं असतं. पुसेगाव किंवा पेडगावसारख्या मोठ्या गर्दीत पहिली वेळ अजिबात नको. शेजारच्या गावची छोटी यात्रा गाठायची. गाडी लांब लावायची, शेजारी एक शांत थोराड बैल बांधायचा, वैरण टाकायची आणि खोंडाकडं बघत बसायचं. शेण पातळ टाकतोय का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का, कान एकसारखे फिरताहेत का. या सगळ्यांत मला सर्वांत खरी वाटलेली खूण म्हणजे रवंथ. भ्यालेलं जनावर रवंथ करत नाही. हलगी वाजत असताना, गाड्यांचे गट सुटत असताना खोंड बसून निवांत रवंथ करायला लागला की समजायचं, मैदान त्याच्या ओळखीचं झालं. तोवर शर्यतीला त्याची नोंद करायची नाही, हा माझ्या दावणीचा नियम आहे आणि कुणाच्याही आग्रहाखातर मी तो मोडत नाही.

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर हेच घोड्यांच्या बाबतीत रीतसर करतात. नव्या घोड्याला सुरुवातीच्या फाटकात उभं राहायची सवय लावतात, बक्षीस नसलेल्या सरावाच्या शर्यतीत चार घोड्यांबरोबर पळवून बघतात आणि मगच खऱ्या शर्यतीला उतरवतात. आपल्या सांगली भागात घोडागाड्याही पळतात. शिंगरू तर खोंडाहून लवकर बिथरतं, त्यामुळं घोडेवाल्यांनी हे दुप्पट पाळावं.

पैऱ्याचा, म्हणजे जोडीला जुंपायच्या बैलाचा, विचार याहून नाजूक आहे. आदतबरोबर जाणता बैल हवा, पण फार वेगाचा नको. वेगवान बैल खोंडाला ओढत नेतो, जू तिरकं होतं, खांदा सोलतो आणि मैदानाच्या भीतीत जुवाची भीती मिसळते. इथं एक अडचण आहे, ती आपल्या काळानं आणलेली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. एवढ्या वर्षांत मैदान पाहिलेले बैल म्हातारे झाले, गेले. परवानगी आल्यावर नवे खोंड नव्या खोंडांबरोबरच जुंपले गेले. सुट्टी करणारी, म्हणजे सुरुवातीला गाड्या सोडणारी, पोरंही नवखी होती. 2022 मध्ये जनावरांतल्या लम्पी रोगाच्या साथीनं पुन्हा मैदानं थांबली. ज्या बैलाकडून धीर घ्यायचा, तोच दावणीला नव्हता. तुमच्याकडं असा शांत जुना बैल असेल, तर तो पळायचा थांबला म्हणून बाजार दाखवू नका. चार खोंड घडवायची ताकद त्याच्यात असते.

पहिल्या मैदानाला खोंडाचा गट, म्हणजे पहिली फेरी, पास झाला तरी मी त्याला सेमीफायनलला सोडत नाही. हे पैरेकऱ्याला, म्हणजे जोडीच्या बैलाच्या मालकाला, आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तिथं वाद होत नाही. सोपं नसतं हे. 2023 मध्ये भाळवणीला पहिल्या बक्षिसाला थार होती, पुढं बोरगावला फॉर्च्युनर लागली. अशा दिवसांत पास झालेली गाडी सोडून घरी निघायचं म्हटलं की सगळी आळी बोलते. पण दिवसातला पहिला पळ हौसेनं झालेला असतो, दुसरा थकव्यावर होतो आणि खोंड घरी जाताना शेवटचं जे झालं तेच घेऊन जातो. तो अजून पळायला मागत असतानाच जू उतरवलेलं बरं.

काठी, चाबूक, शेपूट पिरगाळणं, विजेचा धक्का यांबद्दल मी वेगळं सांगायला नको. नियमानं ते बंद आहे, अंतरही 1000 मीटरच्या आतच ठेवायचं आहे, आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतींचा कायदा उचलून धरला तो याच अटींच्या जोरावर. माराला भिऊन पळणारा खोंड एक-दोन मैदानं जिंकेल. तिसऱ्या वेळी तो तासाबाहेर पब्लिकमध्ये शिरेल आणि त्यात कुणाचं तरी पोर चिरडलं जाईल.

माझा कोसा खोंड पुढच्या हंगामात निशाणाच्या पलीकडं त्याच वेगानं गेला. त्या दिवशी गाडी दुसरी आली, पण त्यानं मान टाकली नाही. आता तो दोन पक्के दात येऊन दुसा झालाय आणि यंदा त्याच्या शेजारी मी एक नवं आदत उभं करतोय.

यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. निशाणाच्या पुढं भरपूर मोकळी जागा सोडा आणि तिथं दोरी बांधून मालकाचा एकच माणूस आत घ्या. कर्णे सुट्टीच्या जागेपासून लांब लावा. आदतचा गट सकाळी, गर्दी वाढण्याआधी सोडा. यासाठी जास्तीचा खर्च काहीच नाही, आणि यंदाच्या जत्रांपासूनच हे करता येईल.