घरच्या संगणकातील गीतसंग्रह आणि बिनतारी स्पीकर

गेल्या चार दशकांत आपल्या घरांतील गाण्यांनी दोनदा मुक्काम हलविला. प्रथम ती कॅसेटवर होती, पुढे सीडीवर आली आणि सीडीचे दिवस सरता सरता संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसली. या शेवटच्या मुक्कामात एक गोष्ट हरवली, तिची दखल फारशी कोणी घेतली नाही. कॅसेट घरातील कोणालाही लावता येत असे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वेष्टनावरील चित्र ठाऊक असे. ती बटण दाबी आणि गाणे सुरू होई. संगणकातील गाणे मात्र घरातील एखाद्या जाणत्या मुलाच्याच हाती राहिले. तो शिक्षणासाठी वसतिगृहात आणि पुढे नोकरीसाठी पुण्या-मुंबईस किंवा त्याहूनही दूर गेला, की संग्रह घरातच असतो, पण घराला ऐकू येत नाही. निवासी शाळेत शिकलेल्यांना ही स्थिती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून संगणकातील संग्रह बिनतारी स्पीकरला जोडण्याची रीत आम्ही येथे मांडत आहोत, ती संगणकाला हात न लावणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून.

इंटरनेटवर सगळी गाणी मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. केवळ चित्रपटगीतेच ऐकावयाची असतील तर तो करू नये, असेच आमचे मत आहे. परंतु आपल्या बहुतेक घरांतील संग्रह तेवढ्यावर थांबत नाही. पंचक्रोशीबाहेर कधी न गेलेली एखाद्या गायनपार्टीची ध्वनिफीत त्यात असते. जयंतीच्या कार्यक्रमात वडिलांनी म्हटलेले गीत असते, स्नेहसंमेलनातील समूहगान असते, क्वचित आजीच्या ओव्याही असतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बाया नामांकित गायिका नव्हत्या. ज्या स्वयंपाकघरांतून त्या ओव्या आल्या तशी स्वयंपाकघरे आपल्याकडेही होती. अशा आवाजाची प्रत घरात असेल, तर जगात ती बहुधा तेवढीच असते.

आता मूळ विषयाकडे वळू. बिनतारी स्पीकर दोन जातींचे असतात आणि दुकानात हा भेद क्वचितच सांगितला जातो. पहिली जात ब्लूटूथची. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हाराल्ड नावाच्या राजाच्या टोपणनावावरून हे नाव आले. या तंत्राची सामाईक संघटना १९९८ साली स्थापन झाली. ब्लूटूथमध्ये संगणक आणि स्पीकर यांची थेट जोडी जमते, मध्ये कोणी नसते. स्पीकरवरील बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे, संगणकाच्या सेटिंग्जमधील ब्लूटूथच्या यादीत स्पीकरचे नाव दिसले की त्यावर टिचकी द्यावी. दोन मिनिटांचे काम. ही जोडी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलते आणि इतरांच्या गोंगाटातून वाट काढण्यासाठी ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळांपर्यंत उड्या मारते. एवढी चपळाई असूनही सर्वसाधारण उपकरणांचा पल्ला सुमारे १० मीटरचा आणि मध्ये जाड भिंत आली की त्याहूनही कमी. माणसाच्या शरीरातील पाणीसुद्धा या लहरी शोषून घेते.

ब्लूटूथची खरी अडचण पल्ल्याची नाही. येथे गाणे संगणक वाजवीत असतो आणि स्पीकर केवळ ऐकवीत असतो. गाणे बदलावयाचे तर संगणकापाशीच जावे लागते. शिवाय संगणकाचा प्रत्येक आवाज, टपाल आल्याची टिंगटिंग धरून, गाण्यात मिसळतो. एकट्याने अभ्यासाच्या खोलीत ऐकण्यासाठी ही सोय उत्तम आहे. घरासाठी ती पुरत नाही.

दुसरी जात वायफायची. ही समजून घेण्यासाठी ग्रंथालय डोळ्यांसमोर आणावे. एक ग्रंथपाल असतो, त्याच्याकडे पुस्तके असतात. एक वाचणारा असतो. आणि कोणते पुस्तक काढावे हे सांगणारा तिसराच असू शकतो. वायफायच्या मांडणीत संगणक हा ग्रंथपाल, स्पीकर हा वाचणारा आणि हातातील मोबाइल हा सांगणारा. मोबाइलवर गाणे निवडले की स्पीकर संगणकाकडून ते स्वतः मागवून घेतो. तिघांनी एकाच राउटरच्या छत्राखाली असावे, एवढीच अट. इंटरनेट बंद असले तरी हे चालते, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना ते खरे वाटत नाही.

या तिघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे याचे एक सर्वमान्य ठरीव रूप आहे, त्यास डीएलएनए म्हणतात. ते ठरविणारी संस्था २००३ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये विसर्जितही झाली; भाषा मात्र उरली. अनेक वायफाय स्पीकर आणि बहुतेक स्मार्ट टीव्ही ती जाणतात. ॲपलची एअरप्ले आणि गूगलची कास्ट या निराळ्या भाषा आहेत. त्याही चांगल्या आहेत, पण स्पीकर घेताना खोक्यावर यांपैकी काय लिहिले आहे ते वाचूनच पैसे द्यावेत. नुसते ‘वायरलेस’ लिहिलेले असेल तर तो ब्लूटूथचाच समजावा.

संगणकाला ग्रंथपाल करण्यासाठी विंडोजमध्ये वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. सर्व गाणी ‘म्युझिक’ या फोल्डरमध्ये आणावीत. नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर तो ‘प्रायव्हेट’ करावा, अन्यथा संगणक घरातल्यांनाही परके समजतो. नंतर कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्कच्या विभागात ‘मीडिया स्ट्रीमिंग’ चालू करावे. मोबाइलवर बबलयूपीएनपीसारखे ॲप घ्यावे. त्यात संगणकाला ‘लायब्ररी’ आणि स्पीकरला ‘रेंडरर’ म्हणून निवडले की जोडणी झाली. घरात स्मार्ट टीव्ही असेल तर आमची पसंती त्याला राहील. टीव्हीच्या रिमोटवरूनच संगणकातील फोल्डर उघडता येतात, मोबाइलचीही गरज उरत नाही, आणि रिमोट हे यंत्र ज्येष्ठांच्या हाताला सवयीचे आहे.

येथवर सारे ठीक होते आणि तरीही महिनाभराने घरून निरोप येतो की गाणी लागत नाहीत. त्याची कारणे ठरलेली असतात. पहिले भारनियमन. वीज परत आली की राउटर आपोआप उठतो, संगणक उठत नाही. बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये वीज येताच सुरू होण्याची सोय असते, ती एकदा चालू करावी. दुसरे संगणकाची झोप: काही वेळ हात न लागल्यास तो निद्रिस्त होतो आणि झोपलेला ग्रंथपाल पुस्तक देत नाही. झोप बंद करावी, मात्र नुसता सुरू असलेला साधा डेस्कटॉपही ५० वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे दिवसरात्रीत सव्वा युनिटच्या घरात. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी राउटरच्या मागे यूएसबीची खाच आहे का पाहावे. कित्येक राउटर तेथे लावलेल्या पेन ड्राइव्हमधील गाणी याच पद्धतीने वाटतात, आणि राउटर तर चालूच असतो. तिसरे कारण मोबाइलचे. गाण्यांची रांग पुष्कळदा मोबाइलमधील ॲपच सांभाळीत असते. बॅटरी वाचविण्याच्या नादात मोबाइलने ते ॲप बंद केले की चालू गाणे पूर्ण होते आणि पुढचे लागत नाही. त्या ॲपपुरती ती बचत बंद करावी. राहिला प्रश्न स्पीकर यादीतच न दिसण्याचा. तेव्हा मोबाइल राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर तर गेला नाही ना, हे आधी पाहावे. ते नेटवर्क उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवते.

एवढे करूनही जे काम शिल्लक राहते तेच आमच्या मते सर्वांत मोठे आहे: नावे. जोडणीला एक दुपार पुरते, नावांना काही महिने लागतात. संगणकाच्या पडद्यावर आपण अंदाजाने गाणे शोधतो. दुसऱ्या खोलीतील मोबाइलवर किंवा टीव्हीवर फक्त नाव दिसते. तेथे ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा शंभर ओळी असतील तर ग्रंथालय असून तालिका नाही, असे होते.

प्रत्येक गाण्याच्या फाइलमध्येच शीर्षक, गायक, संग्रह, वर्ष इत्यादी लिहिण्याची जागा असते, तिला टॅग म्हणतात. स्पीकर आणि ॲप फाइलचे नाव नव्हे, बहुधा हा टॅग वाचतात. एमपीथ्री फाइलींसाठी १९९६ मध्ये आलेली पहिली टॅगपद्धत शीर्षकाला जेमतेम ३० रोमन अक्षरे देत असे. देवनागरीला तेथे थारा नव्हता. पुढील आवृत्त्यांत युनिकोड आले आणि आज संपूर्ण नाव मराठीत लिहिता येते. तरीही आपल्या संग्रहांतील नावे रोमनमध्येच राहिली, तीही ज्याला जशी सुचली तशी. प्रल्हाद शिंदे यांचे नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. संगणकाच्या लेखी ते तीन-चार वेगळे गायक होतात आणि एकाच माणसाची गाणी यादीत दूरदूर विखुरतात. देवनागरीत लिहिले तर हा घोटाळा मिटतो आणि मराठी वाचणाऱ्या आईला यादीही वाचता येते. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली नावे तर आता निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात; ती गाणे ऐकूनच नव्याने लिहावी लागतील.

दुसरी गोष्ट रचनाकाराची. ही ॲप ज्या देशांत घडली तेथे गाणे गायकाच्या आणि संग्रहाच्या नावाने शोधतात. आपल्याकडे गाणे कवीच्या नावानेही ओळखले जाते. वामनदादा कर्डकांची गीते कितीतरी गायकांनी गायिली. ‘गायक’ या रकान्यातून वामनदादा सापडणार नाहीत. टॅगमध्ये गीतकाराचा रकाना असतो, पण बहुतेक ॲप तो दाखवीत नाहीत, ‘कंपोझर’ मात्र दाखवितात. म्हणून कवीचे नाव दोन्हीकडे लिहावे, असे आम्ही सुचवितो. संगीतकार रागावतील, पण गाणे सापडेल. घरगुती ध्वनिमुद्रणांत गाणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, प्रसंग आणि वर्ष लिहावे. ‘आजी’ एवढेच लिहिल्यास दुसऱ्या पिढीत ती कोणाची आजी हे कोणी सांगू शकणार नाही. टॅग लिहिण्यासाठी एमपीथ्रीटॅग हा विनामूल्य प्रोग्रॅम पुरेसा आहे. सुटीत घरी येणाऱ्या मुलाने मांडी घालून आईजवळ बसावे, गाणे वाजवावे आणि ती सांगेल ते लिहीत जावे. हा आवाज कोणाचा, ढोलकीवर कोण होते, ही माहिती तिच्याजवळ आहे, संगणकाजवळ नाही.

ज्या कॅसेट अजून संगणकात आल्याच नाहीत त्यांविषयी थोडक्यात. कॅसेटवादकाच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या ‘लाइन-इन’ला तार जोडावी आणि ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्रॅमने मुद्रण करावे. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाचे असंकुचित मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. फ्लॅक या प्रकारात साठविल्यास आवाजातील काहीही न गमावता साधारण निम्मी जागा पुरते. जुन्या विंडोज संगणकांवर उतरविलेल्या सीडी पुष्कळदा डब्ल्यूएमए प्रकारात असतात आणि अनेक स्पीकर त्या वाजवीत नाहीत; त्यांचे रूपांतर करून घ्यावे. संपूर्ण संग्रहाची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी.

सभागृहासाठी वा मैदानातील कार्यक्रमासाठी मात्र तारच बरी. वायफायचे दोन स्पीकर एकाच वेळी वाजवू पाहिले आणि त्यांत दशांश सेकंदाचा फरक पडला, तर ध्वनी तेवढ्यात सुमारे ३४ मीटर पुढे गेलेला असतो आणि श्रोत्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

सर्व जुळून आल्यावर जोडणाऱ्याने स्वतः गाणे लावू नये. मोबाइल किंवा रिमोट आईच्या, आजोबांच्या हाती द्यावा आणि गप्प बसावे. त्या कोठे अडतात ते पाहून तेवढेच एका कागदावर ठळक मराठीत लिहावे आणि तो स्पीकरजवळच्या भिंतीवर चिकटवावा: कोणते चित्र दाबावयाचे, यादीत कोणते नाव निवडावयाचे, आवाज कोठून कमी करावयाचा. शेवटची ओळ अशी: गाणे लागत नसल्यास राउटरचे बटण बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावे, आणि संगणकाचा हिरवा दिवा लागला आहे का ते पाहावे.