रंगाची साक्ष : एका जुन्या विमानाच्या प्रतिकृतीचा अभ्यास

जबलपूरला गेलेला प्रवासी भेडाघाट पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरचे संगमरवरी कडे भर दुपारी डोळे दिपवतील इतके पांढरे दिसतात. सायंकाळी त्यांवर पिवळसर झाक चढते आणि पौर्णिमेच्या रात्री तेच कडे निळसर रुपेरी भासतात. दगड तोच असतो, त्यावर पडणारा प्रकाश मात्र बदललेला असतो. मग त्या कड्यांचा खरा रंग कोणता म्हणावा?

हा प्रश्न केवळ कवीचा किंवा चित्रकाराचा नाही. जुन्या विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणाऱ्या छंदिष्टालाही तो पावलोपावली पडतो. लांबी, रुंदी, खिडक्यांची संख्या या गोष्टी आराखड्यावरून मोजता येतात. रंग मात्र असा मोजपट्टीत सापडत नाही, त्याची साक्ष शोधावी लागते. ही साक्ष कशी शोधावी आणि कशी तपासावी, याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष विमानाच्या आधारे केला आहे.

क्रमांकाची भाषा जाणणारे शहर

जबलपूर हे संरक्षण उत्पादनाचे जुने केंद्र आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, तर लष्करी वाहने बनवणारा कारखाना १९६९ सालचा. अशा उद्योगांत ‘हिरवा रंग द्या’ एवढे सांगून काम भागत नाही, कारण हिरव्याच्या शेकडो छटा असतात. म्हणून छटेला क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. रंगांसाठी ‘आयएस ५’ नावाचे भारतीय मानक आहे. त्यात ऑलिव्ह ग्रीनचा क्रमांक २२०, सिग्नल रेडचा ५३७, तर पोस्ट ऑफिस रेडचा ५३८. शेवटचे दोन्ही रंग लालच, तरीही मानकाच्या दृष्टीने ते भिन्न आहेत.

समजा, अशा शहरातील एखाद्या निवृत्त तंत्रज्ञांनी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाची प्रतिकृती करण्याचे मनावर घेतले. छटेला क्रमांक असतो, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक आहे. परंतु या विमानाच्या लाल रंगाचा क्रमांक त्यांना कोण सांगणार?

विमान आणि त्याचा अंत

८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. तेच ‘मलबार प्रिन्सेस’. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने बांधलेले हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान चार पिस्टन इंजिनांचे होते आणि त्याच्या शेपटीला तीन उभे पंख होते. त्याचा नोंदणी क्रमांक व्हीटी-सीक्यूपी. पहिल्या उड्डाणाच्या प्रवाशांत जे. आर. डी. टाटाही होते. या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३७.५ मीटर असे. १:१४४ प्रमाणातील प्रतिकृतीत तो २६ सेंटिमीटर भरतो, तर १:७२ प्रमाणात ५२ सेंटिमीटर.

३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरण्याच्या बेतात असताना हे विमान खराब हवामानात मॉं ब्लां पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांपैकी बहुतेक जण परदेशात जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले भारतीय खलाशी होते.

म्हणजे प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे विमानच उरलेले नाही. जी साक्ष मिळेल ती अप्रत्यक्ष असणार. हीच या अभ्यासातील मुख्य अडचण, आणि काळजीपूर्वक काम करण्याचे कारणही तेच.

पहिला प्रश्न : कोणत्या दिवसाचे विमान?

नवशिका छंदिष्ट विचारतो, “या विमानाचा रंग कोणता होता?” अनुभवी माणूस विचारतो, “कोणत्या दिवशी कोणता होता?” कारखान्यातून बाहेर पडलेले नवे विमान आणि दोन वर्षे ऊन-पाऊस सोसलेले विमान एकसारखे दिसत नाही. देखभालीच्या वेळी पट्टे पुन्हा रंगवले जातात, अक्षरांचे वळण बदलते, एखादे बोधचिन्ह नव्याने येते. १९५० च्या दशकात अनेक विमान कंपन्यांनी आतील उष्णता कमी राखण्यासाठी विमानांची पाठ पांढरी रंगवण्यास सुरुवात केली. म्हणून नंतरच्या काळातील कॉन्स्टेलेशनचे सुंदर रंगीत छायाचित्र हाती आले, तरी ते १९४८ च्या विमानाला लागू पडेलच असे नाही.

प्रतिकृतीसाठी एक निश्चित तारीख ठरवावी आणि प्रत्येक पुराव्याजवळ त्याची तारीख लिहून ठेवावी. ज्याची तारीख सांगता येत नाही, तो पुरावा दुय्यम समजावा.

छायाचित्र काय सांगते

त्या काळातील बहुसंख्य छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत गडद दिसतो तो लाल आणि फिकट दिसतो तो पिवळा, असे मानण्याचा मोह होतो. हा मोह टाळला पाहिजे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, त्यामुळे लाल पट्टा जवळजवळ काळा उमटे. नंतर प्रचारात आलेल्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच पट्टा मध्यम करडा येतो. छायाचित्रकाराने आकाश उठावदार दिसावे म्हणून भिंगापुढे लाल काच लावली असेल, तर तो चक्क पांढुरका दिसतो. एकच लाल, पण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत त्याची तीन रूपे. कृष्णधवल छायाचित्र पट्ट्याची जागा, रुंदी आणि वळण अचूक सांगते, पण छटेबाबत ते मौन पाळते.

रंगीत फिल्मचेही गुण-दोष आहेत. १९३५ साली बाजारात आलेल्या कोडाक्रोमच्या पारदर्शिका अंधारात ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात. त्या काळातील इतर अनेक फिल्म्समधील रंगद्रव्ये मात्र असमान वेगाने उडतात आणि सगळे चित्र तांबूस होऊ लागते. अशा चित्रातील लाल पट्टा पाहून निर्णय करणे म्हणजे रंगीत चष्म्यातून कापड निवडण्यासारखे आहे. यावर एक साधा उपाय आहे. त्याच चित्रात ज्याचा रंग आपल्याला माहीत आहे अशी वस्तू शोधावी. पांढरा शर्ट, डांबरी धावपट्टी, गवत यांपैकी काहीही चालेल. शर्टच गुलाबी दिसत असेल, तर पट्ट्याच्या लालीवरही तितकाच अविश्वास दाखवावा.

टपाल तिकिटाचा निळा

याच पहिल्या उड्डाणानिमित्त १९४८ साली भारतीय टपाल खात्याने बारा आण्यांचे तिकीट काढले. त्यावर कॉन्स्टेलेशन विमानाचे चित्र आहे. तिकिटाचे रंग निळा आणि काळा. तिकीट अस्सल, तारीख अचूक, प्रकाशक प्रत्यक्ष सरकार. तरीही या तिकिटावरून एअर-इंडियाचे विमान निळे होते असे कोणी म्हणणार नाही, कारण तो रंग छपाईच्या शाईचा आहे, विमानाचा नव्हे.

तिकिटाच्या बाबतीत ही गोष्ट चटकन पटते. परंतु रंगीत पोस्टकार्डे, वेळापत्रके आणि जाहिराती यांनाही हाच न्याय लावला पाहिजे. चित्रकाराने रंग खुलवलेले असतात, छापखान्याने आपल्याजवळच्या शाईत ते बसवलेले असतात. कागद अस्सल असणे वेगळे आणि त्यातील प्रत्येक तपशील प्रमाण असणे वेगळे.

क्रमांकांची सोय आणि सापळा

प्रतिकृतींच्या रंगांच्या डब्यांवर पुष्कळदा मानकांचे क्रमांक छापलेले असतात. जर्मनीची ‘आरएएल’ पद्धत १९२७ पासूनची, अमेरिकेचे ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ हे १९५६ सालचे. या दुसऱ्या मानकातील पाच अंकी क्रमांकाचा पहिला अंक चकाकी सांगतो. १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे निस्तेज. दुसरा अंक रंगाचा गट सांगतो. ही व्यवस्था अत्यंत उपयुक्त आहे.

परंतु तारखांकडे लक्ष द्यावे. १९४८ साली उडालेल्या विमानाचा ‘मूळ’ रंग १९५६ च्या मानकातील क्रमांकाने ठरलेला असणे शक्य नाही. तो क्रमांक फार तर नंतर कोणीतरी जुळवलेली जवळची छटा असेल. एखाद्या विमानाच्या शेपटीवरील तिरंग्याबाबतही हेच घडते. राष्ट्रध्वजाचे स्वरूप २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारले गेले आणि त्याच्या रंगांचे प्रमाणीकरण करणारे ‘आयएस १’ हे मानक १९५१ साली आले. त्यापूर्वी रंगवलेला केशरी रंग मानकाशी तंतोतंत जुळेलच, असा आग्रह धरता येत नाही. क्रमांक हा तुलनेसाठी वापरावा, तो जन्मदाखला मानू नये.

रंगाचा थर

सर्वांत सबळ पुरावा म्हणजे मूळ रंगाचा प्रत्यक्ष थर. जुन्या विमानाचा एखादा भाग संग्रहालयात जतन केलेला असेल, तर अभ्यासक छोट्याशा जागी बारीक पॉलिश कागदाने थर हलके झिजवत जातात. झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे एकाखाली एक रंग उलगडतात. अलीकडे नव्याने रंगवलेले जुने विमान पाहायला देखणे असते, परंतु त्याचा वरचा रंग म्हणजे रंगवणाऱ्याचा निष्कर्ष. तो आपण आपला पुरावा मानू नये.

थरही वयाने बदलतो. उन्हात लाल रंग फिकटून गुलाबीसर होतो आणि त्याची पूड सुटते. तेलयुक्त पांढरा रंग अंधारात पिवळसर पडतो. म्हणून खिळ्याखाली किंवा पट्टीआड झाकल्या गेलेल्या जागेतील रंग अधिक विश्वसनीय ठरतो.

‘मलबार प्रिन्सेस’चे अवशेष हिमनदी आजही थोडेथोडे खाली आणून सोडत आहे. १९६६ साली त्याच पर्वतावर एअर-इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग कोसळले, त्यात डॉ. होमी भाभांसह ११७ जणांनी प्राण गमावले. त्याही विमानातील वस्तू हिमनदीतून बाहेर येत असतात. २०१२ साली एक राजनैतिक टपालाची थैली मिळाली आणि २०२० साली त्या काळातील भारतीय वृत्तपत्रे. अशा जागेतील प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी अखेरच्या प्रवासाचा अवशेष आहे. छंदासाठी त्याची अभिलाषा धरणे उचित नाही.

प्रकाश आणि आकारमान

पुराव्यावरून छटा ठरली तरी काम संपत नाही. दोन रंग ट्यूबलाइटच्या उजेडात अगदी जुळतात आणि अंगणात नेताच वेगळे दिसतात. त्यांतील रंगद्रव्ये भिन्न असल्यामुळे हे घडते. म्हणून नमुने उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात जुळवावेत. ओला रंग आणि वाळलेला रंग यांतही फरक पडतो. अस्तर आणि त्यावर दोन हात देऊन, पूर्ण वाळल्यावरच तुलना करावी.

आकारमानाचाही परिणाम असतो. १:७२ प्रमाणातील प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान ३६ मीटरवरून पाहण्यासारखे आहे. दूरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे किंचित फिका भासतो. म्हणून काही छंदिष्ट मूळ छटेत थोडा पांढरा मिसळतात, तर काहींना ते अमान्य आहे. दोन्ही पक्षांना आधार आहे. मात्र जो मार्ग स्वीकारला तो नमूद केलेला असावा.

नोंद हीच प्रामाणिकता

बँकेत धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहिली जाते. ओळख पटवतानाही कागद अस्सल आहे का, अद्ययावत आहे का, दुसऱ्या कागदाशी जुळतो का, हे पाहिले जाते. रंगाच्या अभ्यासाची रीत याहून वेगळी नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन पुरावे जुळले तर छटा ‘निश्चित’ लिहावी. एकच चांगला पुरावा असेल तर ‘संभाव्य’ लिहावी. पुरावा नसताना तर्काने रंग दिला असेल तर ‘अनुमान’ असे लिहावे. प्रतिकृतीच्या पायथ्याशी असा छोटा तक्ता ठेवला, तर पुढच्या अभ्यासकाला चूक सुधारता येते. तक्ता नसेल, तर आजचे अनुमान उद्याचा ‘इतिहास’ बनते.

या कामात वाचकांनाही हातभार लावता येईल. अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या परदेश प्रवासातील पारदर्शिका, तिकिटांची पाकिटे, वेळापत्रके पेटीच्या तळाशी पडून असतात. पावसाळी दमटपणात त्यांवर बुरशी चढते. त्या कोरड्या, अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. छायाचित्र कोणाचे, कुठले, कोणत्या साली काढलेले, हे वडीलधारी मंडळी सांगू शकतात तोवर विचारून लिहून घ्यावे. विमानतळावर निरोप देतानाच्या एखाद्या कौटुंबिक छायाचित्रात, हारांच्या आणि पाणावलेल्या डोळ्यांच्या मागे, नेमका तो पट्टा दिसत असेल.

‘मलबार प्रिन्सेस’मधून निघालेले ते खलाशी जहाजापर्यंत पोहोचले नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. मुंबईचा निरोप घेताना त्यांनी ज्या विमानाकडे पाहिले असेल, ते जसे होते तसे पुन्हा उभे करण्यासाठी एखाद्या लाल छटेवर महिनेच्या महिने खर्च करणे म्हणूनच वाया गेलेला वेळ ठरत नाही.