टाकी पुरत नाही? आधी फ्लश तपासा

प्रश्न : आम्ही तारापूरजवळच्या पाममध्ये भाड्याच्या घरात चौघं राहतो. उन्हाळ्यात टाकी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. तोडफोड न करता, कमी खर्चात बाथरूममध्ये काय करता येईल?

उत्तर : सुरुवात कमोडच्या फ्लशपासून करा. तिथली गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतला वॉशर गेला आहे. तो स्वस्तात बदलता येतो. जुन्या टाक्या दर फ्लशला १० लिटर किंवा अधिक पाणी सोडतात. पाण्याने भरलेली लिटरभराची बाटली आत ठेवली, की दर वेळी लिटरभर वाचतं. फ्लोटला ती अडणार नाही एवढं बघा. वीट मात्र नको, तिचा चुरा वॉशरखाली अडकतो.

बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी, बसवा. साधा नळ मिनिटाला १० ते १५ लिटर सोडतो, चांगला एरेटर ३ ते ६. बोअरचं पाणी असेल तर जाळीत क्षार साचतात. ती अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजवा. बादलीच्या नळाला एरेटर लावू नका, बादली तेवढीच भरणार.

तुमच्या भागातल्या सूर्या नदीच्या पाण्यावर शेती, तारापूरचे कारखाने आणि वसई-विरारही अवलंबून आहेत. तेव्हा वॉशर आजच तपासा.