इंजिनाचा दाब मोजायला कोणता सेन्सर? सातवीच्या वर्गातला एक पाठ



सातवीच्या भूगोलात हवेचा दाब शिकवत होते. समुद्रसपाटीला दाब साधारण १०१३ मिलिबार, वर जावं तसा कमी होतो, वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मग आमच्या पप्पांचा सेन्सर खराब नव्हताच!"

त्याच्या वडिलांचं वाईजवळ छोटं गॅरेज आहे. एक पेट्रोल गाडी उभी असताना हिसके देत होती. त्यांनी स्कॅनर लावला. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा हवेच्या दाबाचा आकडा आला ९३ किलोपास्कल. मोबाईलवर हवामान पाहिलं तर दाब १०१. म्हणजे सेन्सर गेला, असं धरून त्यांनी नवीन आणून बसवला. नव्याचाही आकडा ९३! दुकानदार इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही, त्यामुळे पैसे पदरचे गेले. आणि घरी दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही, हे पोरानं हळूच सांगितलं.

आता गंमत बघा. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा खरा दाब ९३ च्या आसपासच असतो. हवामानाचं ॲप जो आकडा दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला असतो, म्हणजे सगळ्या गावांची तुलना करता यावी. सेन्सर खरं बोलत होता. मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. आधी नको म्हणाले, "मी आठवी नापास, बाई, मी काय शिकवणार?" शेवटी आले, आणि येताना जुन्या सेन्सरचा डबाच घेऊन आले.

सुरुवात सुई नसलेल्या सिरिंजने केली. तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढायचा. आत दाब कमी होतो. पेट्रोल इंजिन संथ चालताना हेच होतं. हवेची झडप जवळपास बंद असते, पिस्टन मात्र हवा ओढतच असतो. त्यामुळे हवा आत नेणाऱ्या नळीत (मेकॅनिक तिला मॅनिफोल्ड म्हणतात) दाब ३०-४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. त्या गाडीत तो ५० च्या वर होता. दोष निघाला तो एका चिरलेल्या रबरी पाइपात, तिथून हवा चोरून आत जात होती.

मग मुद्दा आला निवडीचा. पहिला प्रश्न: शून्य कुठून धरायचं? टायरचा गेज मोकळा ठेवला तर शून्य दाखवतो, कारण तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजतो. मॅनिफोल्डला असा गेज चालत नाही. तिथे पूर्ण निर्वातापासून मोजणारा सेन्सर लागतो, त्याला ॲबसोल्युट म्हणतात. टर्बो असेल तर आणखी सांभाळायचं. टर्बोने बाहेरच्या हवेवर १ बार चढवला की एकूण होतात साधारण २ बार. १ बारचा सेन्सर तिथे कमाल आकड्यावर अडकून बसेल.

दुसरा प्रश्न पल्ल्याचा, आणि इथे शेकडेवारी कामाला आली. गरम इंजिनात संथ चालताना तेलाचा दाब साधारण १ ते २ बार असतो, गार इंजिनात पाच-सहाच्या पुढेही जातो. म्हणून १० बारचा सेन्सर बरा. एक मुलगी म्हणाली, "१०० चा घेतला तर कधीच कमी पडणार नाही ना?" फळ्यावर मांडलं. चूक पूर्ण पल्ल्याच्या १ टक्का धरली, तर १० बारच्या सेन्सरची चूक ०.१ बार, १०० बारच्या सेन्सरची १ बार. मोजायचाच आहे १ बार! धान्याच्या काट्यावर वेलची तोलण्यातला प्रकार.

बऱ्याच सेन्सरांतून ०.५ ते ४.५ व्होल्ट बाहेर येतात. शून्यापासून का नाही? मला हा भाग सर्वांत आवडला. गुणपत्रिकेत शून्य गुण आणि गैरहजर वेगळं लिहितो ना, तसंच. ०.५ व्होल्ट म्हणजे दाब शून्य. सरळ ० व्होल्ट आले तर सेन्सर गैरहजर, बहुधा वायर तुटलेली. १० बारच्या सेन्सरला प्रत्येक बारमागे ०.४ व्होल्ट वाढतात. मग १.३ व्होल्ट म्हणजे किती बार? पोरांनी पटकन २ काढलं.

सिलिंडरमधला दाब बघायचा तर वेगही लागतो. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, पिस्टनची एक खेप सेकंदाच्या शंभराव्या भागात संपते. सुस्त सेन्सर सगळं सरासरी करून टाकतो. बाकी तेल-पेट्रोल सोसणारं सील, उष्णता, हे ओघाने आलंच. आट्यांबद्दल मात्र पप्पांनी दम भरला: १/८ इंची निमुळता आटा आणि १० मिलिमीटरचा आटा दिसायला सारखेच, जबरदस्तीने फिरवला की भोक वाया.

डिझेलच्या कॉमन रेलबद्दल मुलांना मी स्पष्ट सांगितलं. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. गळती हाताने चाचपायची नाही, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. तिथे गाडीच्याच सेन्सरचा आकडा स्कॅनरवर वाचायचा.

जाताना मुलांना एक गणित दिलं: महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, चावी ऑन करून इंजिन बंद ठेवलं तर आकडा किती यावा? उत्तरं ८० ते ९० च्या दरम्यान आली. माझ्या हिशेबाने ८६. डिसेंबरच्या सहलीला पप्पा स्कॅनर घेऊन यायचे आहेत, तेव्हा बघू कोणाचं बरोबर.